वीस मार्कांची तोंडी आणि मोडलेली पॉलिसी

यंदा दिवाळीत डोणगावला गेले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चुलत भाऊ एक जाडजूड पुस्तक आणि मोबाईल घेऊन ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसला. त्याला सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचाय. त्यासाठी आधी परदेशातल्या विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी इंग्रजी येतं याचा पुरावा हवा. म्हणजे आयईएलटीएस. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशी चार अंगांची परीक्षा.

तो म्हणाला, "ताई, तुझी पीएच.डी. इंग्रजीच्या परीक्षेवरच हाय ना? मंग मले एक सांग. वाचाचं जमते. लिहाचंही जमते. कानाले लावून आयकाचंही आता जमून राह्यलं. पण बोलाचं कोणासंग?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर गेली तीन वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरतेय, पण कागदपत्रांच्या बाजूने. माझ्या संशोधनाचा विषय थोडक्यात असा: वऱ्हाडात आणि एकूणच महाराष्ट्रात इंग्रजीची परीक्षा घेतली गेली ती नेमकी कशाची? इंग्रजी शिकवली कशी, यावर आपण बरंच बोलतो. पण ती तपासली कशी, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण वर्गात शेवटी तेच शिकवलं जातं जे पेपरात येतं. हे कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो कबूल करेल. निदान चहा पिताना तरी करेल.

तर भावाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जरा मागे जाऊ.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. आज आपण ज्याला बुलढाणा जिल्हा म्हणतो तिथे इंग्रजी आली ती शाळेच्या दारातून कमी आणि कचेरीच्या दारातून जास्त. वरून आलेलं पत्र वाचायचं, त्याचा सारांश काढायचा, उत्तराचा मसुदा करायचा, मग सुवाच्य अक्षरात त्याची नक्कल करायची आणि आवक-जावक रजिस्टरात नोंद करायची. कारकुनाची इंग्रजी म्हणजे हे. 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. कचेरीतली इंग्रजी एका घरात शिरली आणि तिथे एका मुलीच्या हाती लागली, हा अपवाद. बाकी सगळीकडे ती मुलग्यांच्या पगारापुरती राहिली.

आता गंमत बघा. याच काळात गोऱ्या साहेबालाही भाषेची परीक्षा द्यावी लागायची. मुलकी सेवेत आलेल्या अधिकाऱ्यांसाठी देशी भाषेची खात्याची परीक्षा असे आणि तिच्यात स्थानिक माणसाने हाताने लिहिलेले अर्ज वाचून दाखवणं आणि त्याच्याशी संभाषण करणं, दोन्ही असे. म्हणजे तोंडी परीक्षा होती, पण ती साहेबाच्या देशी भाषेची. कारकुनाच्या इंग्रजीची लेखी. ज्याला हुकूम सोडायचा होता त्याला बोलता यायला हवं होतं, आणि ज्याने नक्कल करायची होती त्याचं अक्षर चांगलं असलं म्हणजे झालं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अर्धा दिवस पुढचं काही वाचलंच नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि दोन वर्षांनी पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पुढची साठ-सत्तर वर्षं मॅट्रिक हाच इंग्रजीचा उंबरठा राहिला. मुलगा आधी मराठी चार इयत्ता शिके, मग 'इंग्रजी पहिली' पासून पुन्हा मोजणी सुरू. रीडर घोकायचं, व्याकरण पाठ करायचं आणि भाषांतर करायचं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांनी घासली. आमच्या घरीही तिचा एक भाग होता, पुठ्ठा नसलेला. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. या पद्धतीला आज सगळे नावं ठेवतात. मी ठेवत नाही. कुणीही जवळ नसताना, एकट्याने, कंदिलाच्या उजेडात शिकता येईल अशी ती पद्धत होती. एकट्याने काय करता येत नाही? फक्त बोलता येत नाही. 'वाघिणीचं दूध' म्हणून जिचं कौतुक झालं ती भाषा प्यायची होती डोळ्यांनी आणि बोटांनी.

(एक अवांतर. ज्या रेन-मार्टिनच्या व्याकरणाने नंतर आपल्या देशातल्या पोरांना घाम फोडला, त्यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. फ्रेंच फॉरिन लीजनवरची त्यांची 'बो जेस्ट' ही साहसकथा १९२४ ची. वाळवंटातली लढाई लिहिणारा माणूस आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवून गेला.)

आता ज्या माणसामुळे माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं, त्याच्याकडे येते. मायकेल वेस्ट. इंग्रज शिक्षणाधिकारी, ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. १९२६ मध्ये त्याने बंगालमधल्या द्विभाषिकतेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा प्रश्न साधा होता: इंग्रजी शिकायला सुरुवात करणारी बहुसंख्य मुलं शेवटपर्यंत पोचतच नाहीत. कुणी दोन वर्षांनी शाळा सोडतं, कुणी चार. मग त्या सोडलेल्या मुलाच्या हातात काय उरतं?

यासाठी त्याने विमा धंद्यातला एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. हा शब्द आपल्याला नवा नाही. एलआयसीचे एजंट दादा समजावून सांगतात ना, पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात किती पडतील, तेच. आमच्या काकांनी बोअर मारायला एक पॉलिसी मोडली होती. हप्ते भरले त्या मानाने हातात आलं ते अगदीच किरकोळ, आणि बोअरला पाणीही लागलं नाही, पण ते असो. वेस्टचं म्हणणं असं की शाळेतल्या इंग्रजीचीही सरेंडर व्हॅल्यू काढून बघा. अर्धवट शिकलेलं बोलणं? शून्य. खेड्यातल्या बंगाली मुलाला इंग्रजी बोलायला इंग्रज भेटणारच नाही. अर्धवट लिहिणं? जवळजवळ शून्य. पण अर्धवट का होईना, वाचता आलं तर? सोपं पुस्तक, एखादी माहिती, शेतीचं पत्रक, काहीतरी हाताला लागेल आणि पुढे स्वतःच्या बळावर वाढवता येईल. म्हणून आधी वाचन. त्याने मोजक्या शब्दांत बसवलेली, हळूहळू चढत जाणारी वाचनमाला तयार केली आणि ती खूप दूरपर्यंत पोचली.

वेस्टचं हे गणित १९२६ साली बरोबर होतं असं माझं मत आहे. माझ्या मार्गदर्शकांचं नाही. त्यांना त्यात साहेबी कंजुषी दिसते: नेटिवाला वाचण्यापुरतं द्या, बोलण्याचा हक्क आपल्याकडे ठेवा. तसंही वाचता येतं, मी नाकारत नाही. पण शाळा सोडणाऱ्या मुलाचा हिशोब मांडणारा माणूस मला त्या सगळ्या अहवालांच्या ढिगाऱ्यात फार थोडा दिसला. बाकी सगळे पास होणाऱ्यांचा हिशोब मांडत होते.

शिवाय वेस्टचं 'वाचन' आपल्या शाळांनी घेतलंच नाही. त्याला मूकवाचन हवं होतं, भराभर, अर्थासाठी. आपल्याकडे वाचन म्हणजे एका मुलाने उभं राहून मोठ्याने धडा वाचायचा आणि बाकीच्यांनी ओळीखालून बोट फिरवायचं. मी अशीच वाचायला शिकले, माझा भाऊही. आज आयईएलटीएसचे तीन लांबलचक उतारे आणि चाळीस प्रश्न साठ मिनिटांत उरकायचे असतात, आणि हा पोरगा अजून ओठ हलवत वाचतो. "वाचाचं जमते" म्हणाला खरा, पण मी घड्याळ लावून बसले तेव्हा तिसरा उतारा अर्धाच झाला होता. शंभर वर्षांपूर्वीची भांडणं अशी ओसरीवर येऊन बसतात.

बोलण्याची परीक्षा जगात कुणी घेतच नव्हतं असं मात्र नाही. १९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. सुमारे बारा तासांची. भाषांतर, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र, आणि तोंडी भागात श्रुतलेखन, मोठ्याने वाचन, संभाषण. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले. तिन्ही नापास. ज्यांना ज्यांना इंग्रजीत मार खाल्ल्याचं दुःख आहे त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

त्याच १९१३ साली बाबासाहेब बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाआधी इंग्रजीची ठरावीक परीक्षा द्यायची, हा प्रकार तेव्हा नव्हताच. टोफेल आली १९६४ मध्ये. आमच्या घरात बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की भाऊ मला म्हणाला, "त्याइले तर कोणी बॅंड नाही इचारला." मी म्हटलं, नाही विचारला, पण त्यांना जे बाकीचं विचारलं गेलं ते तुला नको रे बाबा.

टोफेलची गोष्ट मला फार उपयोगी पडते, कारण खेड्यातल्या मास्तरला दोष देण्याची सवय ती मोडते. अमेरिकेतली एवढी मोठी परीक्षा, पैसा आहे, यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत. तरी तिच्या मुख्य परीक्षेत बोलणं आलं ते २००५ मध्ये, इंटरनेटवरची नवी आवृत्ती आली तेव्हा. तोवर चाळीस वर्षं बोलणं बाहेरच. का? कारण बोलणं तपासायला एका उमेदवारामागे एक माणूस आणि काही मिनिटं लागतात. लेखी पेपर गठ्ठ्याने तपासता येतो, गोल काळे करायचे असतील तर यंत्रही तपासतं. बोलणं महाग आहे. ब्रिटिशांच्या बाजूने आयईएलटीएस या नावाची परीक्षा १९८९ पासून चालू झाली. तिच्यात परीक्षकाशी समोरासमोर अकरा ते चौदा मिनिटं बोलावं लागतं आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. ही चौदा मिनिटं फुकट नाहीत. २०२४ मध्ये फी सतरा हजारांच्या आसपास होती. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, म्हणजे साडेतीन क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव हातात पडला तर. यंदा काय भाव पडला ते मेहकरच्या बाजारात जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

परत आपल्याकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली, ती आठवीपासून ठेवली. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि माझ्या आईवडिलांच्या पिढीपर्यंत 'पाचवीपासून इंग्रजी' हे सूत्र पक्कं झालं. वडिलांना एबीसीडी पहिल्यांदा पाचवीत भेटली. या सगळ्या काळात वाद चालू राहिला तो एकाच गोष्टीचा: इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून? पाचवी की आठवी, आठवी की पहिली. तपासायची कशी, हा प्रश्न त्यात फारसा कुणी विचारला नाही.

मग जून २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. त्या पहिल्या तुकडीत मी होते. गुरुजींना स्वतःला पाचवीपासूनचीच इंग्रजी, आणि हातात एकदम चित्रांचं, गाण्यांचं पुस्तक. त्यांनी काय केलं असेल? गाणी पाठ करून घेतली. आम्ही हातवारे करून म्हणायचो. खोटं कशाला सांगू, मजा यायची. ती दोन-तीन वर्षं सोडली तर पुढे आठ वर्षांत वर्गात इंग्रजीतून कुणाशी एक खरं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. खरं वाक्य म्हणजे ज्याचं उत्तर समोरच्याला आधीपासून माहीत नसतं असं.

२०१० साली आमची तुकडी दहावीला बसली. लेखी ८०, तोंडी २०. तोंडीच्या दिवशी आम्ही बाहेर रांगेत उभे. प्रत्येकाला दोन ओळी पाठ करून ठेवायला सांगितलं होतं, 'माझं नाव अमुक, माझा आवडता छंद तमुक'. दहा-बारा जण झाल्यावर जेवणाची सुट्टी जवळ आली तसे आम्हा बाकीच्यांना नुसते हजेरी क्रमांक विचारले गेले. मला अठरा मार्क मिळाले. एक शब्दही न बोलता. घरी आई खूश, मी खूश. शाळेचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. त्या दिवशी आम्हाला कुणी फसवलं असं आम्हाला वाटलंच नव्हतं. साठ मुलं, एक शिक्षक, एक दिवस. भागाकार करून बघा.

याचा पुढचा अंक २०१९ चा. त्या वर्षी दहावीला भाषांचे हे २० गुण काढून टाकले, सगळा पेपर शंभरचा लेखी. जून महिन्यात निकाल आला: ७७.१० टक्के. आधीच्या वर्षी, २०१८ ला, तो ८९.४१ होता. बारा टक्क्यांहून जास्त घसरण. गदारोळ झाला. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई, आयसीएसईची मुलं पुढे जाणार, आपली मागे पडणार, ही भीती खरी होती आणि रास्तही होती. ऑगस्टमध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री आशिष शेलार यांनी तोंडीचे गुण परत आणत असल्याचं जाहीर केलं. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्यात करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचाही भाग आहे, त्यामुळे सगळी वाढ तोंडीच्या खात्यात टाकू नका. मी एका परिसंवादात टाकली होती आणि प्रश्नोत्तरांत माझी चांगली कानउघाडणी झाली.)

मला या प्रकरणात एकच गोष्ट खटकते. त्या दोन-तीन महिन्यांत सगळे भांडत होते ते वीस गुणांसाठी. ते गुण ज्याचे आहेत, म्हणजे ऐकणं आणि बोलणं, ते काढल्यामुळे मुलांचं बोलणं थांबेल, अशी तक्रार माझ्या वाचनात जवळजवळ आलीच नाही. कशी येईल? थांबायला ते आधी चालू तरी असायला हवं. कागदावर श्रवण आणि भाषण कौशल्य. व्यवहारात पासिंगचा आधार. लेखीत पंधरा-सोळा मार्क पडलेल्या पोराला पस्तीसपर्यंत ओढून नेणारा दोर. आणि हा दोर कापा असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर गावातली निम्मी पोरं माझ्या अंगावर येतील. दहावी पास असणं आणि नसणं यात शिपायाच्या नोकरीपासून पोलीस भरतीपर्यंत सगळं अडकलेलं असतं.

पण मग वेस्टचा हिशोब पुन्हा मांडायला हवा. १९२६ च्या बंगालमध्ये अर्धवट बोलण्याची सरेंडर व्हॅल्यू शून्य होती. आज? डोणगावातून दहावी-बारावीला शाळा सोडलेली पोरं पुण्यात जातात, संभाजीनगरला जातात. कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर, कुणी हॉटेलच्या काउंटरवर. त्यांना इंग्रजी उतारा वाचायची वेळ क्वचित येते. मोबाईलच भाषांतर करून देतो. पण फोनवर समोरचा भराभर इंग्रजीत पत्ता सांगतो तो कळला पाहिजे आणि दोन वाक्यांत उत्तर देता आलं पाहिजे. ज्या दोन अंगांना वेस्टने शून्य किंमत लावली त्यांचीच किंमत आज वाढलीय, आणि ज्याने मध्येच शाळा सोडली त्याच्याच बाबतीत सगळ्यात जास्त. आपली पॉलिसी मात्र अजून नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या नावाने चालू आहे. हे माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचं म्हणणं. लिहून झालंय, मार्गदर्शकांना अजून पटलेलं नाही.

जो पुढे जातो त्याचंही तेच. भावाच्या सराव परीक्षांचे अंदाजे बॅंड काढले: श्रवण ७, वाचन (ओठ हलवणं बंद केल्यावर) ७.५, लेखन ६, संभाषण ५.५. सरासरी साडेसहा. दिसायला छान. पण कित्येक विद्यापीठांची अट असते, एकूण साडेसहा आणि कुठल्याही अंगात सहापेक्षा कमी नको. म्हणजे अडला तो अर्ध्या बॅंडवर, आणि तो अर्धा बॅंड बरोबर त्या वीस मार्कांच्या जागी. त्याला दहावीला तोंडीत एकोणीस होते. माझ्यापेक्षा एक जास्त, हे त्याने मला त्याही परिस्थितीत सुनावलं.

मग सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही जुन्याच गोष्टी जरा वेगळ्या तऱ्हेने वापरून बघितल्या. श्रुतलेखन, उदाहरणार्थ. पूर्वीच्या शाळेत ते रोज असे, नंतर मागासलेलं म्हणून टाकून दिलं. पण आयईएलटीएसच्या श्रवणात ध्वनिफीत एकदाच ऐकवतात आणि उत्तराचं स्पेलिंग चुकलं तर मार्क जातो, म्हणजे ते श्रुतलेखनच की. रोज सकाळी मी बातम्यांतली दहा वाक्यं एकदाच वाचायची, त्याने लिहायची. तर्खडकर उलटे वापरले: मराठी वाक्य मी म्हणायचं, त्याने इंग्रजी लिहायचं नाही, तोंडाने सांगायचं, तेही पाच सेकंदांत. पहिल्या दिवशी चिडला. "लिहू दे ना आधी." दीडशे वर्षांची सवय आहे, एका दिवसात कशी जाईल.

आणि बोलायला माणूस? तो घराजवळच निघाला. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्यभर इंग्रजी शिकवली आणि त्यांच्याच शब्दांत, "वर्गाबाहेर कधी चार वाक्यं बोललो नाही, लाज वाटे." त्यांना भावाने विचारलं, रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोलाल का? गुरुजींनी आधी टाळलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच ओट्यावर येऊन बसले, स्वच्छ धोतर, हातात चष्म्याचं घर. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो पुस्तकातला नव्हता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुझा बाप विहिरीवर मोटर कधी बसवणार आहे? भावाला उत्तर खरंच माहीत नव्हतं. तो अडखळत का होईना, बोलत राहिला, काकांची बोअर, मोडलेली पॉलिसी, बॅंकेचं कर्ज, सगळं. गुरुजी मध्येच एखादा काळ दुरुस्त करायचे आणि पुन्हा कान पुढे करायचे.

परीक्षेच्या संभाषणाच्या दुसऱ्या भागात एक विषय देतात, विचार करायला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. मी गावातून निघाले तेव्हा भाऊ चाळीस सेकंदांना थांबत होता. काल रात्री त्याने रेकॉर्डिंग पाठवलं. विषय होता, तुम्हाला आवडलेली एखादी म्हातारी व्यक्ती. एक मिनिट बारा सेकंद. शेवटी मागे गुरुजींचा खोकला ऐकू येतो, आणि मग त्यांचा आवाज, इंग्रजीतच: आणखी सांग.